मायक्रोस्कोपमधील प्रतिमा सांभाळण्याच्या कामात करिअर होईल का?

गुहागरहून एका वडिलांनी लिहिले आहे की, त्यांची मुलगी रत्नागिरीत प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात शिकत आहे. खाडीतील प्लवकांवरच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवरच्या) प्रकल्पासाठी तिने घेतलेल्या मायक्रोस्कोपच्या प्रतिमा घरच्या संगणकावर उघडल्या नाहीत, कारण त्या फाइल उपकरणाबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरमध्येच उघडत होत्या. तेव्हापासून ती पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकते आहे आणि अशा प्रतिमांच्या खुल्या, म्हणजे कोणत्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून नसलेल्या, फाइल फॉरमॅटवरच पुढे काम करायचे म्हणते. ‘यात तिचे पोट भरेल का, की बी.एड. करून घ्यायला सांगू?’ असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलीला पडलेला प्रश्न जगभरच्या जीवशास्त्र प्रयोगशाळांना अनेक वर्षे छळतो आहे, आणि तो तिला पदवीच्या वर्षातच दिसला याचे मला फार कौतुक वाटते. त्याचा आवाका आपल्याला कळावा म्हणून एक साधा हिशेब मांडतो. २०४८ गुणिले २०४८ पिक्सेलची १६ बिटची (प्रत्येक पिक्सेलला २ बाइट) एक प्रतिमा सुमारे ८ मेगाबाइटची होते. जिवंत पेशीची खोलीनुसार ५० प्रतले, प्रत्येकी ३ रंगांत, ठरावीक अंतराने २०० वेळा टिपली, तर एकाच प्रयोगाचे सुमारे २४० गिगाबाइट होतात. प्रतिमांसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या टिफ फाइलची कमाल मर्यादा ४ गिगाबाइट आहे. ती ओलांडण्यासाठी टिफचेच बिगटिफ हे रूप आले, तरी एवढी फाइल दुसऱ्या गावच्या सहकाऱ्याला पाठवणे कठीणच राहते.

शिवाय उपकरण बनवणाऱ्या कंपन्यांचे फॉरमॅट वेगवेगळे असतात. झाइसचा सीझेडआय, निकॉनचा एनडी२, लायकाचा एलआयएफ ही त्यांतली काही नावे. ‘ओपन मायक्रोस्कोपी एन्व्हायर्नमेंट’ (ओएमई) या गटाचे बायो-फॉरमॅट्स हे मुक्त सॉफ्टवेअर असे दीडशेहून अधिक फॉरमॅट वाचते; फिजी या मोफत प्रोग्रॅममध्ये ते आधीपासूनच असते, त्यामुळे मुलीने आपल्या न उघडलेल्या फाइल प्रथम तिथे उघडून पाहाव्यात. याच गटाने ओएमई-टिफ तयार केला, ज्यात प्रतिमेसोबतच तिची माहिती, म्हणजे पिक्सेलचे खरे माप, कोणते भिंग, कोणता रंग, हे सारे नोंदलेले असते. ही माहिती हरवली तर प्लवकाचा आकार मायक्रोमीटरमध्ये सांगता येत नाही आणि प्रतिमा केवळ शोभेची उरते. मोठ्या प्रतिमांसाठीचा नवा ओएमई-झार फॉरमॅट २०२१ मध्ये ‘नेचर मेथड्स’ या नियतकालिकात मांडला गेला. त्यात प्रतिमा लहान लहान तुकड्यांत आणि कमी-अधिक बारकाव्याच्या अनेक पातळ्यांवर साठवतात. मोबाइलवरच्या नकाशात जसा आपण पाहतो तेवढाच भाग उतरतो, तसा येथेही हवा तेवढाच तुकडा इंटरनेटवरून येतो. अशा तुकड्यांच्या लाखो फाइल झाल्या की साठवण यंत्रणा मंदावते, म्हणून ओएमई-झार ज्यावर आधारलेला आहे त्या झार फॉरमॅटच्या तिसऱ्या आवृत्तीत अनेक तुकडे एका फाइलमध्ये बांधण्याची सोय केली आहे. कोणता फॉरमॅट कुठे योग्य, हे जाणीवपूर्वक ठरवणारी माणसे लागतात, आणि माझ्या मते आपल्या मुलीची जागा तिथे आहे.

आता पोटाचा प्रश्न. ‘फाइल फॉरमॅट तज्ज्ञ’ अशी जाहिरात आपल्याला दिसणार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. हे काम संशोधन संस्थांच्या इमेजिंग विभागांत, जैवमाहितीशास्त्राच्या गटांत, संशोधनासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांत आणि रोगनिदानाच्या स्लाइड डिजिटल करणाऱ्या कंपन्यांत विखुरलेले आहे. बरीच पदे प्रकल्पापुरती, मुदतीच्या करारावर असतात; पहिली काही वर्षे ही अनिश्चितता सोसण्याची घरची तयारी हवी. बी.एड. हा प्रामाणिक पर्याय आहे, पण तो नंतरही उघडा राहतो, म्हणून आज केवळ धास्तीपोटी तिला तिकडे वळवू नये, असे मला मनापासून वाटते.

तिने जीवशास्त्र सोडून संगणकशास्त्राकडे जाऊ नये, असाही माझा आग्रह आहे. प्रोग्रॅमिंग जाणणारे पुष्कळ मिळतात. पण प्रतिमेतील कोणती नोंद जीवशास्त्राच्या दृष्टीने अत्यावश्यक आहे हे जाणून प्रोग्रॅम लिहिणारे फार थोडे. जैवतंत्रज्ञान किंवा जैवमाहितीशास्त्रात एम.एस्सी. हा मार्ग मला योग्य वाटतो. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात जैवमाहितीशास्त्र आहे, आणि जॅम व गॅट-बी या प्रवेश परीक्षांमधून इतर संस्थांची दारे उघडतात. पात्रता मात्र त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच तपासावी. समुद्री जीवशास्त्राची ओढ कायम राहिली, तर गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आपल्याला फार दूर नाही. तेथे प्रकल्पासाठी विद्यार्थी घेतात का, याची चौकशी महाविद्यालयातील प्राध्यापकांमार्फत करावी.

परीक्षा होईपर्यंत तिने एकच काम नीट करावे. ‘इमेज डेटा रिसोर्स’ या सार्वजनिक संग्रहातील प्रतिमा कोणालाही विनाशुल्क पाहता येतात. तेथे एखाद्या प्रयोगाची माहिती कशी नोंदली आहे ते बारकाईने वाचावे, आणि मग स्वतःच्या प्लवकांच्या प्रतिमा ओएमई-टिफमध्ये बदलून, पाणी कोठून व कोणत्या तारखेला घेतले, भरती होती की ओहोटी, भिंग कोणते, हे सारे त्यांच्याशी जोडावे. प्राध्यापकांच्या परवानगीने हा संच आणि तिने लिहिलेला पायथॉन प्रोग्रॅम खुला करावा. एम.एस्सी.च्या मुलाखतीत गुणपत्रिकेनंतर हाच संच समोर ठेवता येईल.