माफ करा म्हणून सांगितलं की माफ होतं का?

प्रश्न : मॅडम, माझे मिस्टर पोलीस हवालदार आहेत, नोकरीला 22 वर्षं झाली. मागच्या गणपतीत बंदोबस्त लागलेला आणि नेमके तेव्हाच गावी सासरे सिरीयस झाले. रजा मागितली तर साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं, रजा दिलीच नाही. हे पोचले तोवर सगळं आटोपलेलं. तेव्हापासून घरात बोलत नाहीत, मुलावर खेकसतात, रात्री दोन दोन वाजेपर्यंत गॅलरीत बसून असतात. मी म्हणते साहेबांना माफ करा, देवाने नोकरी दिली, क्वार्टर दिलं, उपकार माना. तर उठून बाहेर जातात. माझं काय चुकतंय?

उत्तर : ताई, तुमची तळमळ कळते हो. पण दिवसभर हुकमावर उभा असलेला माणूस घरी येतो आणि तिथेही त्याला माफ करा असा हुकूमच मिळतो. रॉबर्ट एनराईट म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत, कित्येक वर्षं माफीवरच काम केलंय त्यांनी, आणि त्यांच्या पद्धतीत सुरुवातच आपला राग ओळखण्यापासून होते. माफ करणं म्हणजे झालं ते बरोबर होतं असं नाही. रजा नाकारली ते चुकलंच, हे एकदा तुमच्या तोंडून त्यांना ऐकू दे. वरती लेखी तक्रार द्यावीशी वाटली तर तीही द्यावी, त्याने माफीच्या आड काही येत नाही. आणि मला वाटतं साहेबांइतकाच राग त्यांना स्वतःचाही येत असेल, तसाच निघून का नाही गेलो म्हणून. हे उकरून विचारू नका, सासऱ्यांच्या आठवणी काढत बसा, ते आपणहून बोलतील तेव्हा बोलतील.

उपकार माना हे मात्र सोडाच. क्वार्टर त्यांच्या कष्टाचं आहे. चांगलं आपणहून आठवणं मात्र वेगळं. एमन्स आणि मॅककुलो या मानसशास्त्रज्ञांनी 2003 च्या अभ्यासात लोकांना आठवड्यातून एकदा, दहा आठवडे, चांगल्या वाटलेल्या पाचेक गोष्टी लिहायला लावल्या आणि कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना आयुष्य बरं वाटू लागलं. मिस्टरांना जमलं तर ठाण्यातल्या डायरीसारखं लिहू दे, किती वाजता, कुठे, कोणी काय केलं. बंदोबस्तात कोणीतरी पाणी आणून दिलं, एवढंही चालेल. पण हे नंतर, आधी झोप. ड्युटीने माणूस पिचतो हे खात्यालाही माहितीये, म्हणून तर 2016 मध्ये दत्ता पडसलगीकर मुंबईचे आयुक्त असताना देवनार ठाण्यापासून आठ तासांची ड्युटी करून बघितली.

इतके महिने झोप उडालीये तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. वर्दीतल्या माणसाला भीती असते की मेंटल म्हणून शिक्का बसेल. म्हणून आधी 14416 वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलतात, ठाण्याची परवानगी लागत नाही. जगून काय करू असं काही बोलले तर मात्र त्याच दिवशी दवाखान्यात न्या, एकटं सोडू नका.

पहिला फोन तुम्ही स्वतःसाठी करा ताई. ते दोन वाजेपर्यंत गॅलरीत असतात हे तुम्हाला माहितीये, म्हणजे तुम्हीही जाग्याच असता ना.