छातीचं हाड जुळलं नाही, आता सही मागतात

प्रश्न : आईची बायपास होऊन 11 महिने झाले. तिला मधुमेह आहे. घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून खोकताना, कूस बदलताना छातीत ‘कट्’ असा आवाज येतो, हे आम्ही प्रत्येक तपासणीला सांगत होतो. ‘हाड बांधलेल्या तारा बसताहेत, होईल कमी’ एवढंच उत्तर मिळायचं. 2 महिन्यांपूर्वी सीटी स्कॅन झाला, तेव्हा कळलं की तारांनी हाड कापलंय आणि ते उभं दुभंगलंय. आता प्लेट बसवावी लागणार. रुग्णालय हे ऑपरेशन फुकट करून देतो म्हणतं, पण ‘आमची कोणतीही तक्रार नाही, पुढेही करणार नाही’ या कागदावर सही मागतं. करावी का? दुसरीकडे ऑपरेशन केलं तर आमची बाजू कमकुवत होईल का?

उत्तर : आहे त्या मजकुरावर सही करू नका. आणि ऑपरेशन कुठे करायचं हे आईंच्या तब्येतीवरून ठरवा, खटल्यावरून नाही. दुसरीकडे गेल्याने तुमचा हक्क जात नाही.

तुम्हाला कदाचित आवडणार नाही, पण आधी एक सांगतो. हाड उघडलं एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. उरोस्थी, म्हणजे छातीचं मधलं हाड, मधोमध कापून पोलादी तारांनी बांधली, की मधुमेह, स्थूलपणा, धूम्रपान, ठिसूळ हाडं किंवा सततचा खोकला असलेल्या काही रुग्णांत ती नीट जुळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू प्रकरणात (2005) कसोटी ठरवून दिली आहे : त्या शाखेच्या साधारण कुशल डॉक्टरने जे केलं असतं, ते इथे झालं का? फक्त ‘हाड सुटलं’ असं म्हणून गेलात तर रुग्णालय ‘ही ज्ञात गुंतागुंत आहे’ म्हणेल आणि बहुधा जिंकेल.

तुमची खरी बाजू त्या ‘कट्’ आवाजात आहे. खोकल्यावर हाड हलणं, आवाज येणं ही हाड सुटल्याची ओळखीची लक्षणं. ती वारंवार सांगूनही कुणी छातीवर हात ठेवून खोकायला लावलं नाही, स्कॅन सुचवला नाही, आणि मधे कित्येक महिने गेले. रुग्णालय मधुमेहाकडे बोट दाखवील. दाखवू द्या. धोका जास्त आहे हे माहीत होतं, तर लक्षही जास्त ठेवायला हवं होतं, हे तिथे आपलं उत्तर. मात्र फक्त उशीर सिद्ध झाला तर भरपाईही उशिरामुळे जे वाढलं त्याचीच मिळेल, ही तयारी ठेवा.

आता पुराव्याचं. तुमचा सर्वांत मोठा पुरावा आईंच्या छातीत आहे आणि दुसऱ्या ऑपरेशनमध्ये तो पुसला जाणार आहे! म्हणून नव्या सर्जनना आधीच लेखी विनंती करा : तारा किती, तुटल्या की हाडातून आरपार गेल्या, मूळ काप मधोमध होता की एका बाजूला सरकलेला, जंतुसंसर्ग होता का, हे सगळं ऑपरेशन नोटमध्ये यावं, फोटो घ्यावेत, काढलेल्या तारा नोंद करून जपाव्यात. त्यांनी पहिल्या डॉक्टरांवर मत द्यावं असा आग्रह धरू नका, देणार नाहीत. दिसलं ते लिहिलं तरी पुरे. सीटीचा नुसता अहवाल नको, मूळ चित्रांची सीडी घ्या.

पहिल्या रुग्णालयाकडे आजच संपूर्ण नोंदी मागा, आईंच्या सहीने, पोचपावती घेऊन. वैद्यकीय परिषदेच्या 2002च्या नियमांनुसार मागणीनंतर 72 तासांत त्या द्याव्या लागतात. ओपीडीच्या कागदांवर तुमची तक्रार लिहिलेली आहे का, हे सगळ्यात आधी बघा. नसेल, तर त्या काळातले डॉक्टरांना पाठवलेले मेसेज शोधा.

त्या कागदाविषयी. समजून-उमजून, स्वेच्छेने केलेली तडजोड बंधनकारक असते. दबावाखाली किंवा फसवून घेतलेली सही आव्हान देता येते. विमा दाव्यांच्या ‘फुल अँड फायनल’ पावत्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये हेच सांगितलं. पण दबाव सिद्ध करायचं ओझं तुमच्या खांद्यावर येतं. ते कशाला ओढवून घ्यायचं? तिथेच ऑपरेशन करायचं असेल तर ‘आमचे कायदेशीर हक्क अबाधित ठेवून’ असं वाक्य घालून मागा. त्यांनी नाही म्हटलं, तर तोही नकार लेखी मागा. ऑपरेशनचं संमतीपत्र मात्र वेगळी गोष्ट आहे. ते धोके नीट समजून घेऊन जरूर द्या.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात, आईंच्या नावाने, त्या राहतात त्या ठिकाणीही करता येते. मुदत 2 वर्षांची (ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69). ती स्कॅनच्या तारखेपासून मोजावी असं म्हणता येईल, पण लक्षणं पहिल्या महिन्यापासूनच होती, असा वाद रुग्णालय घालेल. म्हणून तुम्ही पहिल्या ऑपरेशनपासून मोजा, म्हणजे हातात 13 महिने आहेत. फौजदारी तक्रारीच्या वाटेला जाऊ नका; तिथे घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि तुमच्या हकिगतीत तो मला दिसत नाही.