एक्झिमा आणि शिंकांवर चिनी झाडपाल्याचं औषध घ्यावं का? वनस्पतीच असल्यामुळे अपाय तर होणार नाही ना?

अपाय होतो. तुम्हीही लंडनचेच, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या मुलाला लहानपणी भयंकर एक्झिमा होता. कोपराची खोबण, गुडघ्यामागची त्वचा सोललेली, सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके. थोरल्या जाऊबाईंनी एका चिनी औषधांच्या दुकानातून मलम आणलं. पांढरंशुभ्र, बिनवासाचं, डबीवर घटकांचं नावच नाही. आठवड्याच्या आत कातडी नितळ! घरात सगळे खूश. मी तेव्हाच म्हटलं, झाडपाल्याचं मलम असं पांढरं नसतं आणि त्याला इतकी घाईही नसते. "अगं, वनस्पतीच आहे, तुला सगळ्यातच संशय," जाऊबाई म्हणाल्या. डबी संपली आणि चट्टे दुपटीने उसळले. दुसरी डबी आली ती मी थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे दिली. तपासणीत डेक्सामेथासोन निघालं. स्टेरॉइड, आणि ते पोराच्या चेहऱ्यावर! आमचंच नशीब फुटकं होतं असंही नाही. १९९९ साली लंडनमध्ये रुग्णांकडची अशी ११ चिनी मलमं तपासली होती, त्यातल्या ८ मध्ये हेच सापडलं. जाऊबाई आजही म्हणतात, "पण गुण आला होता ना?" गुण स्टेरॉइडचा होता, वहिनी.

याचा अर्थ चिनी वैद्यक थोतांड आहे असा मुळीच नाही. १९९२ मध्ये इथल्याच ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दहा वनस्पतींचा काढा एक्झिमाच्या मुलांना देऊन पाहिला. तुलनेसाठी दुसरा, गुण नसलेल्या वनस्पतींचा काढा होता. खऱ्या काढ्याने फरक पडला. पुढे हाँगकाँगच्या चाचणीत मात्र तसा फरक दिसला नाही. त्या दहांत आपलं ज्येष्ठमधही होतं, जे रोज भरपूर पोटात गेलं तर रक्तदाब वाढवतं. मा हुआंग या चिनी वनस्पतीत एफेड्रीन हे उत्तेजक द्रव्य असतं, म्हणून नाक मोकळं होतं आणि म्हणूनच छातीत धडधडतं. जे गुण देतं ते अवगुणही देणारच, ही साधी गोष्ट शिकल्यासवरल्या माणसांना का पटत नाही?

तुमच्या शिंकांबद्दल: नाकासाठी देतात त्या चिनी गोळ्यांत बहुधा त्सांग अर त्झ असतं. आपल्याकडे पडीक रानात कपड्यांना चिकटतं तेच काटेरी बोंड. नीट भाजलेलं नसेल किंवा जास्त झालं तर यकृताला विषारी. यू पिंग फंग सान हे चिनी औषध त्या मानाने सौम्य, त्यात तीनच वनस्पती असतात.

घ्यायचंच असेल तर प्रत्येक घटकाचं नाव लिहून मागा. देत नसतील तर उठून या. काढा सुरू करण्याआधी आणि नंतरही लिव्हरची रक्ततपासणी करा, चालू गोळ्या जीपीला, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरला, सांगा. दमा असेल तर इनहेलर कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, सांगणारी थोरली जाऊ असली तरी.