बागेत नेचे कधी आणि कसे लावावेत? भर उन्हाळ्यात लावले तर जगतील का?

भर उन्हाळ्यात लावू नका, एवढं सरळच सांगते. पण तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या दादाचं बोलणं पुन्हा कानात वाजलं, म्हणून सविस्तर लिहिते.

एकदा ऐन उकाड्यात मी आठ नेचे आणले होते. झाडाखालचा सावलीतला वाफा तयार होता, कुजलेला पालापाचोळा मिसळलेला. दोन लावून झाले आणि मला बाहेर जावं लागलं. उरलेले सहा दादाने लावले. चांगले खोल पुरले, वर पायाने माती दाबली. "खोल असलं की झाड घट्ट बसतं." महिन्याभरात सहाही गेले. सगळ्यांसमोर म्हणाला, "उन्हाने गेले. तुझीच वेळ चुकली."

मी एक उपटून पाहिला. मुळं अजून चिवट होती. सडला होता तो गाभा, जिथून नवी पानं निघतात तो. गोगलगाईच्या शंखासारखे गुंडाळलेले कोंब मातीखाली काळे पडले होते, चिमटीत धरले तर लिबलिबीत लागायचे. माझ्या हातचे दोन मात्र त्याच वाफ्यात, त्याच उकाड्यात तगले. पानांची टोकं करपली, इतकंच. ऊन तर आठही जणांना सारखंच होतं ना?

म्हणून वेळेइतकंच खोलीला महत्त्व द्या. कुंडीत होता तेवढाच खोल लावा, गाभा मातीच्या वर उघडा राहिला पाहिजे. माती हातानेच हलके बसवा. पाणी बुंध्याभोवती द्या, गाभ्यात ओतू नका. ज्यांचं केसाळ खोड मातीवरून सरपटतं, ते तर पुरायचंच नाही, नुसतं टेकवायचं.

लावायची वेळ म्हणजे नवे कोंब फुटायच्या बेतात असतात ती: पावसाच्या प्रदेशात पावसाच्या सुरुवातीला, थंडीच्या प्रदेशात हिवाळा सरताना. रोपं आधीच आणली असतील तर तोवर कुंडीतच सावलीत राहू द्या.

आणि पानामागे ओळीने तपकिरी ठिपके दिसले तर औषध फवारू नका. नेच्याला फूल नाही, बी नाही. ते बीजाणूंचे, म्हणजे ज्यांच्यापासून नवे नेचे उगवतात त्या बारीक कणांचे, पुंजके असतात. खवले कीड अशी शिस्तीत बसत नाही, देठांवरही कुठेही चिकटते आणि नखाने निघते. दादाने माझ्या त्या दोघांचे ठिपकेसुद्धा साबणाच्या पाण्याने घासले होते.

अर्थात सगळे नेचे एका मापाचे नसतात. हंसराजाला ओल हवी पण साचलेलं पाणी नको. ओस्मुंडा रेगालिस मात्र दलदलीच्या मातीतही मजेत वाढतो. तेव्हा तुमचा कोणता, ते आधी बघा.

माझ्या त्या दोघांचे आता मोठे झुबके झालेत. मागे त्यांची विभागणी करून दोन तुकडे दादाला दिले. लावताना मी शेजारी उभीच होते. गाभा वर ठेवूनच लावले त्याने, पण ते सहा उन्हाने गेले हे म्हणणं काही सोडलेलं नाही.