उशाशी काय हवं?

प्रश्न : ताई, आमची बेडरूम १० बाय ११ ची आहे, त्यात ६ बाय साडेसहाचा बेड लांबीच्या बाजूने टाकलाय आणि पायथ्याशी कपाट. उशाकडची भिंत पश्चिमेची, पावसाळ्यात तिला ओल येते. सासूबाई रात्री बेडवर बसूनच पोथी वाचतात, त्यांचं डोकं टेकून टेकून भिंतीवर खोबरेल तेलाचा हा मोठा डाग पडलाय. मिस्त्री म्हणतो भिंतभर कुशनचं हेडबोर्ड करू, त्यालाच मागे १० इंचाचं स्टोरेज आणि वर कपाटं. करू का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : भिंतभर अजिबात नका करू. पश्चिमेची भिंत आपल्याकडे पावसाचा मार जास्त खाते, ती प्लायने झाकली की ओल आत कोंडते, मागून बुरशी धरते आणि आपल्याला कळतं कधी, तर खोलीत कुबट वास यायला लागला की. आधी बाहेरून भेगा बुजवून वॉटरप्रूफिंग करून घ्या, मग हेडबोर्ड बेडलाच बोल्टने पक्कं जोडा आणि भिंतीपासून इंचभर लांब ठेवा, मागे हवा खेळायला हवी.

स्टोरेजचं म्हणाल तर हिशोब बघा. ११ फुटांतून बेडचे साडेसहा आणि कपाटाचे २ गेले की अडीच फूट उरतात, त्यातले १० इंच हेडबोर्डने खाल्ले तर कपाटाचं दार पूर्ण उघडून समोर उभं राहायलाही जागा नाही. आणि डोक्यावर सामानाने भरलेली कपाटं तर मी कुणालाच करू देत नाही, झोपलेल्या माणसाच्या वर जड काही नसावं.

आता सासूबाईंचं, कारण हे सगळं खरं तर त्यांच्यासाठीच करायचंय ना. त्यांना गादीवर टेकून बसवा आणि टेपने मोजा. गादीपासून खांद्यापर्यंत साधारण २२ इंच भरतील, पण त्या डोकंही टेकतात, म्हणजे ३० तरी धरा, गादीचा वरचा भाग जमिनीपासून २० इंचांवर असेल तर हेडबोर्ड ५० इंच उंच हवं, बुटकं केलंत तर डोकं परत भिंतीलाच लागणार. एकदम सरळ उभंही नको, खालची बाजू दोन-तीन इंच पुढे घेऊन थोडा उतार द्या, कंबरेला फार बरं वाटतं. आणि उठताना त्या हेडबोर्डच्या कडेला धरत असतील तर ते जरासुद्धा हलता कामा नये, हे मिस्त्रीसमोर स्वतः हलवून तपासून घ्या.

तेल लागणारच आहे, म्हणून वेल्क्रोचं काढून धुता येईल असं जाड सुती कव्हर शिवा. स्वस्त रेक्झिनचे दमट हवेत पापुद्रे निघतात, आणि बटणं लावून खळगे पाडलेलं कुशन फोटोत छान दिसतं पण त्या खळग्यांतली धूळ निघता निघत नाही. चष्मा, औषधं, पाण्याचा तांब्या यासाठी बाजूला चार इंचांची फळी पुरे, आणि तिथेच हाताशी बटण असलेला वाचायचा दिवा. एवढं नक्की करा, अंधारात उठून बटण शोधायला नको.

प्रश्न : गावच्या जुन्या सागवानी पलंगाची कोरीव पाठ मिळालीये, ४ फूट रुंद. माझा बेड ५ फुटी आहे आणि भाड्याच्या घरात भिंतीला ड्रिल चालत नाही. लावता येईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : येईल, आणि नक्की लावा, असं काम आता करून घ्यायचं म्हटलं तरी कारागीर सहज मिळत नाही! आधी वाळवी, भुंगा लागलाय का बघा, बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर औषध मारल्याशिवाय घरात आणू नका. मग दोन्ही बाजूंना सहा-सहा इंचांच्या सागवानी पट्ट्या जोडून घ्या, मागून जमिनीपर्यंत दोन पाय द्या आणि ते बेडच्या फ्रेमला बोल्टने आवळा, भिंतीला हातही लावावा लागत नाही. पट्ट्या मात्र साध्याच ठेवा, त्यांवर नवीन नक्षी केली की जुनी मार खाते. कोरीव काम पाठीला टोचतं, केस अडकतात, म्हणून टेकायला दोन तक्के ठेवा आणि झोपताना काढून टाका. कव्हरं आजीच्या सुती लुगड्याची शिवलीत तर त्या लाकडापुढे खुलून दिसतील.