इम्प्लांट बसवल्यानंतरची वर्षं: एका नव्या डॉक्टरला पत्र

प्रिय डॉक्टर,

तुझ्या पहिल्या काही इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या टायटेनियमच्या कृत्रिम मुळांवर, दाताच्या कॅप बसल्या, हे वाचून आनंद झाला. पेशंटना पुढे काय सांगायचं आणि ते परत आले की नेमकं काय तपासायचं, हे तू विचारलंस याचा आनंद त्याहून जास्त. हाडात स्क्रू बसवायला शिकवणारे कोर्स आज गल्लोगल्ली आहेत. बसवलेला सांभाळायला शिकवणारे शोधावे लागतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. खरा दात आणि हाड यांच्यामध्ये लिगामेंटची गादी असते, इम्प्लांटला ती नसते. हाड थेट टायटेनियमला चिकटतं. हिरडीचे तंतू खऱ्या दाताच्या मुळात रुतलेले असतात. इम्प्लांटच्या मानेभोवती ते नुसते वेढा घालून असतात. त्यामुळे बॅक्टेरियांना आत शिरायला वाट सोपी मिळते, आणि चावताना जास्त दाब आला तरी पेशंटला तो पुरेसा जाणवत नाही. हाड निम्मं झिजलं तरी कित्येक पेशंट ‘काही त्रास नाही’ असंच सांगतात, आणि ते खोटं बोलत नसतात. म्हणून ‘दुखलं तर या’ हे वाक्य तुझ्या क्लिनिकमधून हद्दपार कर. हिरडीतून रक्त येणं, सूज, पू, तोंडाला वास, यातलं काहीही दिसलं तर दुखत नसलं तरी यायचं, असं सांग.

कॅप बसवली त्याच दिवशी पायाभूत नोंद करून ठेव. पॅरलल होल्डर (फिल्म इम्प्लांटला समांतर धरणारा) लावून एक पेरिअ‍ॅपिकल, म्हणजे मूळ आणि भोवतीचं हाड दाखवणारा छोटा एक्स-रे घे. इम्प्लांटचे आटे दोन्ही बाजूंना स्वच्छ, धारदार दिसले पाहिजेत. एका बाजूचे धूसर आले तर ट्यूबचा कोन चुकला आहे, पुन्हा काढ. दोन आट्यांमधलं अंतर कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं, तीच तुझी पट्टी. हिरडी बरी होऊन बसली की सहा जागी प्रोब (खुणा असलेली बारीक सळई) घालून हिरडी आणि इम्प्लांटमधल्या फटीची खोली लिहून ठेव. दाब २५ ग्रॅमच्या आसपास: स्वतःच्या नखाखाली टोक ठेवून दाबलं तर दुखू नये, एवढाच. इम्प्लांटला प्रोब लावूच नये असं तुला अजून कोणी ना कोणी सांगेल. ऐकू नकोस. हलक्या हाताने सुटलेली कड काही दिवसांत पुन्हा जुळते. न मोजल्याने जे नजरेतून सुटतं ते जुळत नाही.

पहिल्या वर्षात मानेजवळचं हाड थोडं खाली बसतं, ते अपेक्षित आहे. म्हणून वर्षभराने दुसरा एक्स-रे काढ आणि पुढची तुलना त्याच्याशी कर. हाड जागेवर आहे पण प्रोब लावल्यावर रक्त येतंय, तर तो म्युकोसायटिस, हिरडीपुरती सूज. स्वच्छता सुधारली तर तो बरा होतो, पण हिरडी शांत व्हायला तीन आठवड्यांहून जास्त लागू शकतात, तेव्हा आठव्या दिवशी निराश होऊ नकोस. रक्त किंवा पू आणि सोबत हाडही उतरत चाललंय, तर तो पेरि-इम्प्लांटायटिस. दुसरीकडे केलेला इम्प्लांट घेऊन पेशंट आला आणि जुना एक्स-रे नसेल, तर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा निकष वापर: रक्तस्रावासह ६ मि.मी. किंवा जास्त खोली, आणि हाडात बसणाऱ्या भागाच्या वरच्या कडेपासून हाड ३ मि.मी. किंवा जास्त खाली.

आता घरची स्वच्छता. इथे घाई करू नकोस, आरसा पेशंटच्या हातात दे. मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, केस हिरडीच्या कडेला तिरके टेकवून. पण इम्प्लांट बिघडतो तो बहुधा दोन दातांच्या फटीत, जिथे हा ब्रश पोचत नाही. त्यासाठी इंटरडेंटल ब्रश, तार प्लास्टिकचं आवरण असलेली. माप तू ठरव: ब्रश किंचित घासत आत जायला हवा, वाकत नाही आणि सैलही नाही. गालाकडून आणि जिभेकडून, दोन्ही बाजूंनी. ब्रिज (जोडलेल्या दातांचा पूल) असेल तर त्याच्याखालून सुपरफ्लॉस, म्हणजे कडक टोकाचा जाडसर सफाईचा दोरा. मात्र इम्प्लांटचे खरबरीत आटे हिरडीबाहेर उघडे पडले असतील तर तिथे फ्लॉस नको. त्याचे धागे आट्यांत अडकून राहतात आणि तेच सूज पेटती ठेवतात. वॉटर फ्लॉसर (पाण्याच्या झोताने साफ करणारा) चांगला, पण ब्रशच्या जोडीला, बदली नव्हे. जंतुनाशक गुळणी हवी तर क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के, १० मि.ली., एक मिनिट, दिवसातून दोनदा, टूथपेस्टनंतर अर्ध्या तासाने, आणि फार तर दोन आठवडे. वर्षभर कोणी वापरत बसलं तर दातांवर डाग पडतात, चव जाते, आणि ब्रशचा आळस वाढतो तो वेगळाच.

‘तंबाखू खाता का?’ हा प्रश्न आपल्याकडे अपुरा आहे. गावाकडच्या कितीतरी बायका ‘नाही’ म्हणतील आणि त्यांचं उत्तर त्यांच्या दृष्टीने बरोबर असेल, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू आहे. मिश्री, गुटखा, मावा, सुपारी, बिडी, प्रत्येकाचं नाव घेऊन विचार. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून आजार असूनही रक्त कमी येतं, त्यामुळे ‘रक्त नाही, म्हणजे ठीक आहे’ हा निष्कर्ष तिथे चालत नाही. मधुमेह असेल तर ताजा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) बघितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. ज्यांचे आधीचे दातच हिरड्यांच्या आजाराने गेले, त्यांना दर तीन-चार महिन्यांनी बोलाव. बाकीच्यांना सहा महिने पुरतात.

सफाईसाठी स्टीलचं स्केलर (थर खरवडायचं हत्यार) टायटेनियमवर फिरवू नकोस, पृष्ठभाग ओरखडला की मळ आणखी घट्ट धरतो. टायटेनियमचे क्युरेट (गोल टोकाची खरवडणी), प्लास्टिकचं टोक लावलेलं अल्ट्रासॉनिक, किंवा ग्लायसिन वा एरिथ्रिटॉल पावडरचं एअर पॉलिशिंग वापर. आम्लयुक्त फ्लोराइड जेल नको, ते टायटेनियम गंजवतं. नेहमीची फ्लोराइड टूथपेस्ट चालते.

‘डॉक्टर, इम्प्लांट हलतोय’ असा फोन आला की घाबरू नकोस. बहुतेक वेळा इम्प्लांट नव्हे, कॅपचा स्क्रू ढिला झालेला असतो. मात्र पेशंटला लगेच बोलाव, कारण ढिल्या स्क्रूवर आठवडाभर चावलं तर तो तुटतो आणि तुकडा आत राहतो. कॅप काढ, आतला भाग धुऊन घे, स्क्रूचे आटे झिजलेले दिसले तर नवा घे. टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) कंपनीने दिलेल्या आकड्याला आवळ, दहा मिनिटं थांब, पुन्हा त्याच आकड्याला आवळ. धातू धातूवर बसताना पहिला ताण थोडा उतरतो. स्क्रूवरच्या भोकात कापूस नको, कुजतो आणि घाण वास येतो. टेफ्लॉन टेप भर, वर कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग). तोच स्क्रू पुन्हा ढिला झाला तर दोष स्क्रूचा नाही, चाव्याचा आहे. ८ मायक्रॉनची शिमस्टॉक, म्हणजे चावा तपासायची अतिपातळ पट्टी, हलक्या चाव्यात कॅपवरून सरकली पाहिजे आणि जोरात चावल्यावरच अडकली पाहिजे. रात्री दात खाणाऱ्याला नाइट गार्ड दे. आणि कॅप घट्ट असून इम्प्लांटच हलत असेल, तर हाडाने तो सोडलेला आहे. तिथे औषधं लिहून वेळ काढू नकोस, काढून टाक.

सिमेंटने कॅप बसवत असशील तर कड हिरडीच्या फार खाली नेऊ नकोस. उरलेलं सिमेंट हिरडीखाली राहिलं की महिन्यांनी, कधी वर्षांनी पू दाखवतं. एक्स-रेवर विसंबू नकोस: प्रत्येक सिमेंट त्यात दिसत नाही, आणि गालाकडच्या बाजूचं तर इम्प्लांटच्या सावलीतच लपतं. शक्य तिथे स्क्रूचीच कॅप कर. शेजारच्या दाताशी असलेला स्पर्शही दर भेटीत फ्लॉसने बघ. खरे दात वर्षानुवर्षं पुढे सरकत राहतात, इम्प्लांट जागचा हलत नाही, म्हणून मध्ये फट पडते आणि मटणाचा धागा तिथेच अडकतो. मग पेशंट कोरणी घेऊन बसतो. त्याला कोरणीवरून बोलण्याआधी ती फट बुजव.

प्रत्येकाला एक कार्ड दे: कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, लॉटचं स्टिकर, स्क्रूचा टॉर्क, तारीख. पेशंट उद्या दुबईला जाईल नाहीतर मुलाकडे नागपूरला. तिथल्या डॉक्टरला कोणता ड्रायव्हर लागेल हे तोंड बघून कळत नाही.

अडलेली केस मला जरूर पाठव. फक्त एक्स-रे एकटा पाठवू नकोस: कॅपच्या दिवसाचा, वर्षाचा आणि आजचा, तिन्ही एकत्र, सोबत सहा जागांची खोली.

तुझा,
एक जुना सहकारी