‘मन म्हणते’ची वही

“मॅडम, मनाचं आयकू का नको आयकू? आयकलं तं पेरणी फसली. नाही आयकलं तं रातभर डोळा लागत नाही.”

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या 46 वर्षांच्या ताईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. चार एकर कोरडवाहू वावर, दोन गायी, आणि नागपूरजवळ बुटीबोरीला कंपनीत कामाला असलेला एकुलता मुलगा. त्याला दिवसातून आठ-दहा फोन व्हायचे. शेवटी त्यानं उचलणंच सोडलं. झोप उडाली, छातीत धडधड सुरू झाली, तेव्हा गावच्या आशाताई त्यांना ग्रामीण रुग्णालयात घेऊन आल्या.

पहिल्या भेटीत मनाचा विषय जवळजवळ निघालाच नाही. आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी, पाळीची चौकशी. धडधड आणि झोपमोड रक्त कमी असल्यानं होते, थायरॉइडनं होते, पाळी जायच्या वयातही होते. ती दारं न तपासता ‘मनाचं दुखणं’ म्हणून मोकळं होणं चूक. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही. उलट माणूस मोकळा होतो. तसं नव्हतं. तरी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहून दिला. तो फुकट आहे आणि रात्रीही लागतो.

मग वही. ताई बचत गटाच्या सचिव असल्यानं आडव्या-उभ्या रेघा त्यांच्या हातच्याच. पाच रकाने पाडले: तारीख-वेळ, मन काय म्हणालं, कशावरून, मी काय केलं, आणि तीन दिवसांनी काय निघालं. शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही, एवढीच अट. मन म्हणालं ते आपल्याला आठवतं, पण खोटं ठरलेलं आपण विसरतो. म्हणून तो रकाना.

चौदा दिवसांत 31 नोंदी झाल्या. त्यातल्या 22 मुलाच्या: गाडीवरून पडला असेल, जेवला नसेल, काही लपवतो. एकही खरी निघाली नाही. उरलेल्या नऊ वावराच्या आणि गोठ्याच्या. ‘गाय उद्या आजारी पडणार’ ही नोंद, आणि ‘कशावरून’मध्ये लिहिलं होतं: रवंथ कमी, कान थंड. दुसऱ्या दिवशी ताप. अशा नवांपैकी सात बरोबर.

म्हणजे ताईंचा हिशेब उलटा चालला होता. मुलाबद्दल मन सांगेल ते त्या ब्रह्मवाक्य मानत; वावराबद्दल मन सांगेल ते मात्र पाच जणांना विचारल्याशिवाय करत नसत. नव्या खुरप्यासाठीसुद्धा दिराला फोन.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन यांचं आतल्या अंदाजाबद्दल बरीच वर्षं पटत नव्हतं. 2009 साली दोघांनी मिळून लेख लिहिला आणि दोन अटींवर त्यांचं जमलं. ज्या गोष्टीबद्दल अंदाज बांधायचा तिला काही ठरावीक वळण हवं, आणि त्या माणसाला ते वळण वर्षानुवर्षं, चुकलं-बरोबर आलं हे कळत, शिकायला मिळालेलं हवं. गायीच्या बाबतीत दोन्ही अटी पुऱ्या होतात. दीडशे किलोमीटरवरच्या पोराच्या बाबतीत एकही नाही. कापसाचा दिवाळीनंतरचा भाव किंवा पंधरा दिवसांनी येणारा पाऊस, यातही नाही. तिथं ‘मले आतून वाटते’ म्हणणाऱ्या कास्तकारापासून जरा जपूनच राहावं.

पण मग पेरणी फसली ती कशी? हा धागा ताई सोडायला तयार नव्हत्या, आणि त्यांचं बरोबर होतं. म्हणून त्या दिवसाची उजळणी केली, सकाळपासून, तासातासानं. सकाळी वावरात गेल्या. मग काय केलं? मूठभर माती दाबून पाहिली. कशी होती? वरून ओली, चार बोटं खाली कोरडी. मग? दीर म्हणाले, सारं गाव पेरून राह्यलं, तू काहून थांबतं. आणि दोन एकर सोयाबीन पेरलं. पाऊस ताणला, उगवण फसली, एकरी 30 किलोच्या हिशेबानं 60 किलो बियाणं पुन्हा आणावं लागलं.

ताई बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, “म्हणजे म्या मनाचं आयकलंच नव्हतं?”

फटका बसला की आठवण अशी फिरते. दोष हाताशी असलेल्या सगळ्यात गरीब माणसावर जातो, आणि तो बहुतेक वेळा आपणच असतो. त्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक दोरी मुठीत धरली होती.

काळजीचा बोल आणि जाणतेपणाचा बोल वेगळा ओळखायचा कसा? ‘शांत आवाज तो खरा’ असं सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. धुऱ्यावर (बांधावर) सळसळ झाली की पाय शांतपणे मागे येत नाही. समोरच्या माणसाची भीती वाटली, घरातल्या असो की बाहेरच्या, तर आधी तिथून निघावं, तपासणी मागून. एरवी वहीचा तिसरा रकाना कामाला येतो. जाणतेपणाला बहुधा खूण दाखवता येते: कान थंड, माती कोरडी. काळजी ‘जर-तर’मध्ये बोलते, तेच तेच बोलते आणि आत्ताच्या आत्ता काहीतरी कर म्हणते.

खूण आहे तिथंही मोजमाप सोडायचं नाही. बियाणं उगवेल की नाही हे हाताला कळत नाही. त्यासाठी ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत 100 दाणे, आठवडाभर ओल, आणि 70 च्या वर उगवले तर बरं. पाऊस 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय पेरणी नाही, हा कृषी विभागाचा सल्लाही तसाच. हात आणि आकडा दोघंही ‘थांब’ म्हणत असतील, तर दिराचं आयकायची गरज नाही.

मुलाच्या फोनचं काम जास्त अवघड होतं. फोन केला की जीव भांड्यात पडतो, आणि तीच अडचण. फोन केला म्हणून पोरगा सुखरूप, असं मेंदू शिकतो आणि दुसऱ्या वेळी लवकर मागतो. एकदम बंद केलं असतं तर दोन दिवसांत मोडलं असतं. म्हणून आधी फक्त उशीर: करावासा वाटला की 15 मिनिटं थांबायचं, पुढच्या आठवड्यात 30. तिसऱ्या आठवड्यापासून रात्री आठचा एकच फोन, आणि हे मुलालाही सांगून ठेवलं. काळजीला वेगळी वेळ: संध्याकाळी दूध काढून झालं की ओट्यावर 20 मिनिटं, मनसोक्त. अंथरुणात नाही. दिवसा काळजी आली तर वहीत दोन शब्द लिहून तिला संध्याकाळची वेळ द्यायची.

पहिला आठवडा वाईट जातो, हे आधीच सांगितलं होतं. तरी पळवाटा निघाल्याच. शेजारच्या पोराकडून मिस कॉल. व्हॉट्सॲपवर ‘लास्ट सीन’ पाहणं; ते तर फोनच नव्हे, असा ताईंचा दावा. वहीत तेही आलं.

जोडीला एक काम दुसऱ्याच्या हाती द्यायचं होतं. कशाची किती भीती वाटते त्याला दहापैकी गुण दिले आणि तीन गुणांचं काम निवडलं: अर्धा एकर पऱ्हाटीची (कपाशीची) डवरणी, म्हणजे तणासाठी ओळींमधून डवरा फिरवणं, दिरानं करायची, ताईंनी धुऱ्यावरही जायचं नाही. आठ गुणांचं, म्हणजे मुलाच्या पगाराचा हिशेब मागणं सोडणं, आधी घेतलं असतं तर अपेशच आलं असतं. दिरानं दोन तासांत काही झाडं कापली. संध्याकाळी ताईंनी मोजली. अडतीस.

“एवढंच होय?” असं त्या स्वतःच म्हणाल्या. भीतीत त्यांनी अख्खं वावर उखडलेलं पाहिलं होतं.

पुढच्या मृगात पहिला पाऊस पडला आणि गाव तिफण घेऊन निघालं. ताईंनी माती दाबली, गोणपाट उघडून दाणे मोजले, आणि थांबल्या. पाऊस नऊ दिवसांनी आला. एका शेजाऱ्याला दुबार पेरणी करावी लागली. दुसऱ्याची, त्याच दिवशी पेरलेली, छान उगवली. वहीत दोन्ही लिहिलं.

मुलगा आता आठला स्वतःच फोन करतो, कधी विसरतो. ‘लास्ट सीन’ ताई अजून पाहतात, आठवड्यातून दोन-तीनदा. ते त्या वहीत ‘उधारी’ म्हणून लिहितात.